कोठीतला अठ्ठावन्नचा आकडा

शालू, तू गेल्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर एक खोटी गोष्ट सांगितली. ती खोटी आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढीच माझी बाजू.

तुमच्या क्वार्टरसमोर मांडव टाकला होता. भरवेलीची अर्धी कॉलनी आली होती, तुझे आयटीआयचे विद्यार्थी मागे उभे होते. तुझ्या नवऱ्याने, देवीदासभाऊजींनी, माईक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "शालिनी कधी खोटं बोलली नाही. दशांश चिन्हापुढचा एक आकडा चुकला तरी तिला जेवण गोड लागायचं नाही." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भाऊजींनी मान खाली घातली. मी खाली बसले आणि मला बरं वाटलं, की निदान तुझ्याबद्दल नेमकं ते बोलता आलं.

सहा दिवसांनी भाऊजींनी तुझा लॅपटॉप आणि सुट्या भागांचा पत्र्याचा डबा माझ्या घरी आणून दिला. "रेखाताई, हे तुमच्याच कामाचं. माह्या घरी नुसतं पडून राहीन." मी तो लॅपटॉप शाळेत मधल्या सुट्टीत उघडला. आपल्या बियाणे कोठीच्या यंत्राचा प्रोग्राम मला हवा होता. तसंच यंत्र शाळेतल्या मुलींकडून करून घ्यायचं आणि त्यावर तुझं नाव लिहायचं, असं मी ठरवलं होतं. प्रोग्राम वाचला. पुन्हा वाचला. मग बेल झाली आणि मी नववीच्या वर्गात जाऊन काहीतरी शिकवलं. काय, ते आठवत नाही.

कोठीतल्या हवेत किती ओल आहे ते सांगणारा आकडा सेन्सरकडून येतच नव्हता. तो तू लिहिला होतास. मूळ आकडा अठ्ठावन्न, आणि दर दहा मिनिटांनी त्यात शून्य ते तीनमधला कुठलाही एक मिळवायचा. म्हणजे पडद्यावर कधी अठ्ठावन्न, कधी साठ, कधी एकसष्ट.

नुसता अठ्ठावन्न ठेवला असतास तर कदाचित मी समजून घेतलं असतं. घाईत, थकून, माणूस करतो असं काही. पण तो हलवलास तू. बघणाऱ्याला खरा वाटावा म्हणून हलवलास. आणि बघणारी मी होते.

*

आपली ओळख झाली तो दिवस मी हल्ली फार वेळा आठवते. बाजारातल्या त्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी एका रेझिस्टरसाठी हुज्जत घालत होते. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलींनी उष्णता आणि ओल मोजायचा निळा सेन्सर आणला होता, तो काही केल्या बोलत नव्हता. दुकानदार म्हणत होता, मॅडम, ये सब ऑनलाइन का माल है. तू मागे उभी होतीस, हातात हेल्मेट.

"दहा किलो-ओमचा पायजे ना तुले? याच्याजवळ नाही. माह्या घरी चाल."

"तुमच्या घरी?"

"हौ. काहून, भेव लागते का?"

मी तुझ्या स्कूटरवर बसून भरवेलीला गेले. तुझ्या ओट्यावरच्या टेबलावर पंधरा मिनिटांत तो सेन्सर बोलायला लागला. आणि लगेच तू तोंड वाकडं केलंस. "हा बोलते, पन याचं ऐकायचं नाही. पाच इकडे, पाच तिकडे. पोराइच्या खेळण्यासाठी ठीक हाय."

त्यानंतर सात वर्षं आपले रविवार. तू मला डाख द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकवलंस. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा डाग त्याच दिवसांतला आहे. भौतिकशास्त्र शिकवणारी मी, पण उपकरणावर अविश्वास कसा ठेवायचा हे मला तू शिकवलंस. लोणच्याची रिकामी बरणी, तळाशी ओलं मीठ, वर सेन्सर टांगायचा, झाकण घट्ट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा पंचाहत्तर टक्के दमट असते, ती कुणाचं ऐकत नाही. आपण तीन सेन्सर टांगले होते. निळ्याने अडुसष्ट दाखवले. पांढरा, जो त्याचा महागडा भाऊ, त्याने अठ्ठ्याहत्तर. आणि नखाएवढा तो तिसरा, बीएमई-२८०, त्याने चौऱ्याहत्तर आणि वर काही दशांश. तू टाळी वाजवलीस. "हा आपला," म्हणालीस.

तो खरा बीएमई आपल्याला पहिल्या झटक्यात मिळाला नव्हता हेही आठवतं. पहिल्या पार्सलमध्ये दिसायला तसाच, पण त्याच्या जातीचा दुसराच निघाला, बीएमपी. नावात एका अक्षराचा फरक. तो हवेचा दाब मोजतो, उष्णता मोजतो, ओल मोजतच नाही. तू भिंग लावून बघितलंस.

"याचा डब्बा लांबट हाय वं. खऱ्याचा चौकोनी राह्यते. फसवलं आपल्याले."

"जाऊ दे ना, स्वस्तात होता."

"जाऊ दे म्हणजे? येक अक्षर बदलून खोटं इकते तो मानूस, आन मी जाऊ देऊ?"

दोन दिवस तू धुमसत होतीस. विक्रेत्याला एवढं मोठं पत्र लिहिलंस. मी हसले होते तुला. मला तुझा तो राग फार आवडायचा, शालू. तोच राग बघून मी तुझ्यावर इतका विश्वास टाकला.

*

कोठीचं काम माझ्यामुळे आलं. लालबर्ऱ्याच्या पुढे माझं माहेर. तिथल्या बायकांच्या गटाने गावच्या चिन्नोर धानाचं बियाणं एका खोलीत एकत्र ठेवायला सुरुवात केली होती, चौतीस घरांचं. विकतचं बियाणं दर वर्षी आणावं लागू नये म्हणून. किल्ली सुमनकाकूंकडे. त्यांचं घर आमच्या घराला लागून. लहानपणी माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या. त्यांना बोट लावून दाणा किती सुकला ते कळतं, आणि म्हणून गटाने किल्ली त्यांना दिली होती.

आपण दोघी गेलो, खोली बघितली, आणि मग महिनाभर भांडलो. निळा नको यावर एकमत. पांढरा की छोटा, यावर तीन रविवार. तू म्हणत होतीस छोटाच, तो बोर्डाच्या गरमीपासून दूर, लांब तारेवर लावू. मी म्हणाले, चालेल, पण शेजारी एक पांढरापण लावू. दोघांचे आकडे फार वेगळे दिसले तर कळेल की काहीतरी बिघडलंय.

तू डाखणी खाली ठेवलीस.

"माह्या कामाले साक्षीदार पायजे का तुले?"

"तुझ्या कामाला नाही गं, यंत्राला."

"यंत्र कोन बनवलं मंग?"

तुझ्या रागाला मी नेहमीच गप्प बसत आले. ते भांडण तिथेच राहिलं, आता राहणारच आहे. पण मी रोज ते पुढे नेते. रोज तुला म्हणते, पांढरा लावू दिला असतास तर?

होळीच्या आठवड्यात यंत्र बसलं. पडद्यावर ओलीचा आकडा पासष्टच्या वर गेला की लाल दिवा आणि घंटी. घंटी वाजली की सुमनकाकूंनी ओल शोषणाऱ्या कळीच्या चुन्याची मडकी पोत्यांमध्ये ठेवायची आणि ऊन पडलं की पोती बाहेर काढायची. काकू म्हणाल्या, "मी तर बोटानंच पाह्यतो माय." तू त्यांना हसून म्हणालीस, "काकू, आता बोटाले आराम." सगळ्या बायका हसल्या. काकूपण हसल्या.

होळीनंतर अवकाळी पाऊस लागला. चार-पाच दिवस नुसती झड. काकूंनी मला फोन केला.

"रेखा, पोत्यात हात घातला का थंड लागते. वास बी येऊन राह्यला."

"पडद्यावर किती आहे काकू?"

"साठ म्हन्ते."

"मग ठीक आहे. घंटी वाजली नाही ना?"

"नाही वाजली. पन पोरी, मी उद्या-परवा ऊन पडलं का पोती बाहेर काढतो."

"नका काढू काकू. बाहेरच्या दमट हवेत काढाल तर उलट ओल धरेल. आकडा बघा, आकड्यावर विश्वास ठेवा."

हे मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी स्वतः गेले, कोठीत उभी राहिले. उत्तरेची भिंत खालून काळसर झाली होती. मलाही तो वास आला, शालू. कुबट, गोडसर. मी पडद्याकडे बघितलं, एकोणसाठ. आणि नाकापेक्षा मी तुझं ऐकलं.

*

जूनमध्ये बायकांनी पऱ्हे टाकले, रोपांसाठी ते बियाणं वाफ्यांत पेरलं. पाचव्या दिवशी वाफ्यात कुठे कुठे एखादं हिरवं टोक. आठव्या दिवशीही तेच. चौतीस घरांच्या वाफ्यांत जवळजवळ काहीच उगवलं नाही. ऐन हंगामात सगळ्यांना बाहेरून मिळेल ते बियाणं आणावं लागलं, आणि गावचं चिन्नोर त्या वर्षी गावातून गेलं.

विहाराच्या आवारात सभा भरली. कुणीतरी आधीच बोलून ठेवलं होतं, की सुमननं चांगलं बियाणं बाहेर दिलं आणि पोत्यात जुनं भरलं. तिचा भाऊ बियाण्याचा धंदा करतो ना तिकडे बिरसा गावात, बस, एवढं पुरलं. काकू पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "कोठीत ओल होती, म्या रेखाले सांगतलं होतं."

गटाच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं. तू माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होतीस. यंत्र आपण काढून आणलं होतं, ते तुझ्या मांडीवर होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "यंत्राची नोंद माझ्याजवळ आहे. पूर्ण उन्हाळाभर अठ्ठावन्न ते एकसष्ट. कोठी कोरडी होती. यंत्र खोटं बोलत नाही."

सुमनकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मग तुझ्याकडे. का कोण जाणे, तुझ्याकडे जास्त वेळ. तू यंत्राची तार बोटाला गुंडाळत होतीस, उलगडत होतीस.

काकूंनी कमरेची किल्ली काढली आणि जमिनीवर ठेवली. कुणाच्या हातात दिली नाही.

परत येताना स्कूटर मी चालवली. तू म्हणालीस, "डोकं दुखून राह्यलं." मी तुला समजावत होते, आठवतं? "तू कशाला मनाला लावून घेतेस, आपलं काम चोख होतं. माणसं अशी निघतात." वाऱ्यात मोठमोठ्याने ओरडून सांगत होते. तू माझ्या पाठीला डोकं टेकलंस. मला वाटलं, शालू किती हळवी आहे.

*

डिसेंबरात कावीळ झाली म्हणता म्हणता तू गोंदियाच्या दवाखान्यात गेलीस. अकरा दिवस. मी चार वेळा आले. तू बोलत होतीस, चांगली शुद्धीत होतीस. मुलीच्या परीक्षेबद्दल बोललीस, भाऊजींच्या गुडघ्याबद्दल बोललीस, तुझी डाखणी कुणाला द्यायची तेही सांगितलंस. आणि दोनदा विचारलंस, "सुमनकाकू कशा हाय वं?"

पहिल्यांदा मी म्हणाले, बऱ्या असतील. दुसऱ्यांदा चिडले. "शालू, त्या बाईचं नाव कशाला काढतेस? तू बरी हो आधी." तू भिंतीकडे तोंड केलंस.

तिथे सांगायचं होतं तुला, हे आता मला कळतं. मी दार बंद केलं, हेही कळतं. पण शालू, तुला अकरा दिवस होते. त्याच्या आधी सहा महिने होते. सव्वीस-सत्तावीस रविवार, आणि त्यातले बरेच तू माझ्यासमोर चहा पीत बसली होतीस. माझं एक वाक्य तुला अडवू शकलं असेल, पण सगळे रविवार मी अडवले नाहीत.

त्या पत्र्याच्या डब्यात आणि लॅपटॉपमध्ये मिळून मला तीन गोष्टी सापडल्या. एका पुडीत आपला खरा बीएमई, चकचकीत. त्यावर तू पारदर्शक वार्निश मारलं होतंस. का मारलं ते मला लगेच समजलं: बोर्डाला दमटपणा लागू नये म्हणून. पण फवारा सेन्सरच्या झाकणावरच्या त्या टाचणीएवढ्या छिद्रावरही बसला, आणि ते बुजलं. मी तो मिठाच्या बरणीत टांगला. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तरच्या जागी एकेचाळीस दाखवत होता. विद्यार्थ्याने केली असती तर तू त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतंस अशी चूक.

दुसऱ्या पुडीत नवा मागवलेला. लांबट डबा. पुन्हा बीएमपी. पुन्हा तुला कुणीतरी फसवलं होतं. यावेळी तू पत्र लिहिलं नाहीस.

तिसरी गोष्ट डब्यात नव्हती, प्रोग्राममध्ये होती. अठ्ठावन्नच्या ओळीशेजारी तू टीप लिहिली होतीस: "तात्पुरतं. नवीन आला की काढायचं." होळीच्या आठवड्यातली तारीख.

ही टीप वाचून मला रडू आलं. मग रडू आल्याचाच राग आला. तात्पुरतं! झड लागली तेव्हा तुला आठवलं नसेल का, की कोठीत घंटी वाजणार नाही? एक फोन. "रेखा, काकूले सांग, पोतं बाहेर काढाले." कारणही सांगायची गरज नव्हती. तुला लाज वाटली, एवढंच ना? वीस वर्षं उपकरणं शिकवणारी बाई आणि तिने छिद्र बुजवलं. मी हसले असते तुला. दोन दिवस चिडवलं असतं. तेवढं टाळायला तू एका म्हाताऱ्या बाईच्या कपाळावर चोरी लिहू दिलीस, आणि ती लिहायला माझं तोंड वापरलंस.

*

मी आधी भाऊजींकडे गेले. त्यांना न सांगता गावात जाणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं. लॅपटॉपवरची ओळ दाखवली, ती त्यांनी वाचली नाही, नुसती बघितली.

"रेखाताई, गेलेल्या मानसाचं काहून उकरता?"

"भाऊजी, सुमनकाकू जिवंत आहेत."

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "तिच्याजवळ दुसरं काय होतं? लोकं तिले त्या आकड्याइसाठीच मानत होते. कॉलनीत कोनाचं मीटर बिघडलं का तिलेच बलावत. तेवढं तरी राहू द्या तिचं. यंत्र बिघडलं होतं म्हना. कोनं केलं, ते नका सांगू."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खरं सांगते, वाटेत मी ठरवलं होतं की असंच करायचं. यंत्र बिघडलं होतं, आमची चूक झाली. तुझं नाव वाचेल, काकूंचं नाव धुतलं जाईल.

सुमनकाकू अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मला बघून त्यांनी सूप थांबवलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं. यंत्र बिघडलं होतं काकू, ओल खरीच होती, तुमचं बोट बरोबर होतं, आमची चूक झाली.

"आमची म्हन्जे कोनाची?"

"आमची... यंत्राची. आमच्या दोघींची."

"यंत्र आपोआप बिघडलं?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "रेखा, म्या त्या दिवशी तुह्या मैत्रिणीच्या तोंडाकडे पाह्यलं होतं. तिले माहीत होतं. तुले नव्हतं, हे बी म्या पाह्यलं होतं. मनून तर तुह्या माघं शिव्या नाही देल्या म्या कधी. आता तू बी तिच्यावानीच कराले आली का?"

शालू, मग मी सांगितलं. वार्निश, लांबट डबा, अठ्ठावन्न, सगळं. तुझं नाव घेऊन.

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. मंग आता सभा बलाव मनशीन तू."

"हो काकू. मी अध्यक्षबाईंशी बोलते, येत्या रविवारी..."

"सभा नाही पायजे. सभेत येक डाव बोलली तू, मंग ते घरोघर गेलं. चुलीपाशी गेलं. माह्या सुनंच्या मायेरापर्यंत गेलं. सभेत बोलून ते वापस नाही येत. तू घरोघर जा."

"चौतीस घरं, काकू?"

"चौतीसच. माहं येक वजा झालं, त पोराचं येक वाढलं. हे घर आता माह्या येकटीचं हाय."

दोन दुपारी लागल्या. काकू चार पावलं पुढे चालायच्या, दारापाशी थांबायच्या, हाक मारायच्या, "रेखा काही सांगाले आली हो," आणि बाजूला उभ्या राहायच्या. मी आत जाऊन सांगायची. पहिल्या घरी माझी जीभ अडखळली. दहाव्या घरी पाठ झालं आणि त्याचीच लाज वाटली, म्हणून अकराव्या घरापासून मुद्दाम हळू बोलले. प्रत्येक ठिकाणी आधी माझं नाव घेतलं: मी न तपासता बोलले, काकूंनी सांगूनही ऐकलं नाही. मग तुझं. काही बायका म्हणाल्या, "शालिनीताई? त्या वारल्या ना?" मी म्हटलं, "हो." "मेलेल्याचं असं सांगू नये बाई." मी म्हटलं, "जिवंत माणसाचं सांगितलं होतं, तेव्हा कुणी अडवलं नव्हतं." एका घरी म्हातारबांनी हात जोडले, मला नाही, काकूंना. एका घरी दार लावून घेतलं. अध्यक्षबाईंनी किल्ली आणून काकूंसमोर धरली. काकूंनी घेतली नाही. म्हणाल्या, "आधी समदे घरं होऊ दे. मंग पाहू घ्याची का नाही."

शेवटचं घर त्यांच्या मुलाचं. सभेनंतर त्याने चूल वेगळी केली होती. सुनेच्या माहेरी बोलणी बसत होती, म्हणून. त्याच्या दारापासून वीस पावलांवर काकू थांबल्या. हाक मारली नाही.

"इथं तू येकटीच जा."

मी गेले. मुलगा नांगराचा फाळ घासत होता. मी बोलत असेपर्यंत त्याचा हात थांबला नाही. संपल्यावर थांबला.

"मायनं धाडलं का तुमाले?"

"नाही. मीच आले. मीच खोटं बोलले होते, सभेत."

"आन ती कुठं हाय?"

"बाहेर. रस्त्यावर."

तो तसाच उठला, हाताला गंज, पायात काही नाही, आणि माझ्या बाजूने बाहेर गेला. सून दारात येऊन उभी राहिली. मी मागे वळून बघितलं नाही. ते माझं बघायचं नव्हतं. गावाबाहेर येऊन बस थांब्यावर बसले.

शालू, मी तुझं नाव चौतीस घरी घेतलं. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्या मुलीने फोन उचलला आणि ठेवून दिला. कदाचित त्यांचंही बरोबर असेल. तू मला जे जे दिलंस ते मी विसरलेली नाही. डाख कसा द्यायचा हे तू शिकवलंस, आणि दुकानात अनोळखी बाईला "माह्या घरी चाल" म्हणायची हिंमत मी फक्त तुझ्यात पाहिली. तरीही माझा राग गेलेला नाही, आणि जावा अशी घाईही मला नाही.

तू खोटा आकडा लिहिलास, ते मी एक दिवस सोडून देईन. तू सभेत गप्प बसलीस, तेही कदाचित. पण त्या दिवशी स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून तू सांगितलं असतंस, तर मी गाडी तिथेच वळवली असती. महिनाभर तुझ्याशी भांडले असते, आणि तरी तुझा हात धरून त्या प्रत्येक दारात उभी राहिले असते. ती घरं आपल्या दोघींची होती, शालू. तू मला ती एकटीने फिरायला लावलीस.